लंपी माशीनं पसरतो ना, मग गुरांचे हाट कशाला बंद करतात?

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या शेजाऱ्यांचा मुलगा महूच्या व्हेटरनरी कॉलेजात एम.व्ही.एस्सी. करतोय. त्यानं परवा रात्री मला दोन प्रश्न टाकले. पहिला, गुरांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या लंपी रोगाचा, "काका, लंपी माशा-डासांनी पसरतो असं तुम्हीच सांगता, मग हाट बंद करून काय होणार, माशीला काय कळतं का आज बाजार बंद आहे म्हणून?" दुसरा जरा रडकुंडीचा. गाईडनं त्याला जनावरांच्या ने-आणीचं नेटवर्क काढायला लावलंय, यानं सॉफ्टवेअरमध्ये गावं टाकली, रेघा ओढल्या, कोळ्याच्या जाळ्यासारखं चित्र आलं आणि आता विचारतोय की या चित्राचं करायचं काय. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे पण ते दोन ओळींत मावत नाही, म्हणून त्यालाच उद्देशून लिहितोय आणि लांबलंय.

आधी माशी. गोठ्यात जी चावरी माशी असते ती एका गाईच्या गाठीवर बसली, रक्त घेतलं, तिनं शेपटी मारली की उठून शेजारच्या गाईवर बसली, अशी ती रोग नेते. तोंडाला लागलेलं घेऊन जाते, बस. ती काही कच्छहून उडत रतलामला येत नाही रे! 2022 साली लंपी आधी कच्छ-सौराष्ट्रात, मग राजस्थानात आणि ऑगस्टमध्ये आपल्याकडे रतलामच्या बाजूला दिसला, तेव्हा आम्ही गुरांचे डॉक्टर नकाशावर टाचण्या लावत बसलो होतो. टाचण्या नीट बघितल्या तर दोन प्रकारची चाल दिसते. एक पावला-पावलानं, या गावातून पलीकडच्या गावात, ही माशीची. दुसरी उडी, म्हणजे मधली सगळी गावं कोरी सोडून एकदम लांब एक टाचणी. ही उडी माशी मारत नाही, ती कुणीतरी ट्रकमध्ये किंवा पिकअपमध्ये चढवलेली असते. हाट बंद केल्यानं गावातली माशी थांबत नाही हे तुझं बरोबर आहे, पण उड्या कमी होतात, आणि रोग पाच गावांत राहतो की पाच जिल्ह्यांत जातो हे उड्यांवर ठरतं.

पूर्वी ही उडी आपोआप छोटी असायची. बैल, म्हशी चालत यायच्या. चालत्या तांड्यात एखादं जनावर आजारी पडलं तर वाटेतच कळायचं, मागे पडायचं, विकणाराच ते सोडून पुढे जायचा. आता हरयाणातली मुऱ्हा म्हैस ट्रकमध्ये चढली की आठ-नऊशे किलोमीटर पार करून दीड-दोन दिवसांत इंदूरच्या आसपासच्या डेरीत उतरते. लाळ्या-खुरकुताचा (तोंडात आणि खुरांत फोड येतात तो रोग) उबवणीचा काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा, 2 ते 14 दिवस. म्हणजे चढताना ठणठणीत, उतरताना ठणठणीत, घेणारा दात बघतो, कास बघतो, धार काढून बघतो, पैसे मोजतो आणि आठवड्यानं ती लाळ गाळायला लागते. यात कुणी कुणाला फसवलं असंही नाही.

आता जी गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो ती तुलाही सांगतो. 2001 चं इंग्लंड. उत्तरेला हेडन-ऑन-द-वॉल नावाच्या गावी एक डुकरांचा फार्म, तिथे नीट न उकळलेलं खरकटं डुकरांना घालायचे, त्यातून लाळ्या-खुरकुताचा विषाणू आला. तिथून बहुधा वाऱ्यानं जवळच्या एका फार्मवरच्या मेंढ्यांना गेला. मेंढ्यांमध्ये हा रोग फार गुपचूप असतो, थोडं लंगडणं, एखादा फोड, कळपात कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या मेंढ्या 13 फेब्रुवारीला हेक्सम बाजारात गेल्या, तिथून व्यापाऱ्यांनी काही उचलल्या आणि 15 तारखेला लाँगटाउनच्या मोठ्या बाजारात नेल्या, तिथून देशभर. इकडे रोग पहिल्यांदा लक्षात आला तो 19 तारखेला आणि तोही कुठे, तर पार दुसऱ्या टोकाला, एसेक्सच्या कत्तलखान्यात, डुकरांमध्ये. 20 ला शिक्कामोर्तब, 23 ला ने-आण बंद. किती चपळ काम! पण तोपर्यंत पन्नासच्या वर फार्मवर विषाणू आधीच पोचलेला होता, कारण मधल्या दहा दिवसांत त्या मेंढ्या हातोहात विकल्या गेल्या होत्या, काही तर एका आठवड्यात दोन-तीन व्यापाऱ्यांच्या हातून गेल्या. शेवटी 2,026 ठिकाणी रोग सापडला, 60 लाखांच्या वर जनावरं मारून टाकावी लागली आणि देशाची सार्वत्रिक निवडणूक महिनाभर पुढे गेली. मेंढ्यांमुळे निवडणूक पुढे जाते, आपल्याकडे कुणाला सांगून पटणार नाही.

यात बाजारापेक्षा व्यापाऱ्याकडे बघ. इथेच तुझ्या चित्राचं काम सुरू होतं.

तुझ्या चित्रात प्रत्येक गाव किंवा गोठा हा एक ठिपका आहे आणि विक्री म्हणजे बाण, बरोबर? (बाणच हवा, नुसती रेघ चालणार नाही, मी तुला म्हैस विकली तर माझ्याकडचा रोग तुझ्याकडे येईल, तुझा माझ्याकडे येणार नाही.) आता तीन ठिपके घे. पहिला इंदूरजवळचा डेरीवाला, वर्षात दहा ठिकाणाहून म्हशी आणतो पण दुसऱ्या गोठ्याला कधी विकत नाही. त्याच्याकडे रोग येण्याची शक्यता भरपूर, पण पुढे बाण नाही, येतो आणि तिथेच जिरतो. दुसरा आगरकडचा शेतकरी, घरच्याच माळवी गाईंची पैदास, दहा जणांना वासरं विकतो, विकत काही घेत नाही. त्याच्याकडून पसरू शकतो पण त्याच्याकडे येणार कुठून? तिसरा व्यापारी, दहाकडून घेतो, दहांना देतो. आत येणारे बाण गुणिले बाहेर जाणारे बाण कर. पहिल्याचं शून्य, दुसऱ्याचं शून्य, तिसऱ्याचं शंभर. उलाढाल तिघांची थोडीफार सारखी असेल, पण रोगासाठी रस्ता तिसराच. पुस्तकात हेच गणित आत आणि बाहेरच्या डिग्रीचा (डिग्री म्हणजे बाणांची संख्या) सहसंबंध वगैरे नावानं येतं. अर्थ एवढाच की घेणारा आणि विकणारा जितके एकच माणूस असतील तितका रोग जोरात पळतो. म्हणून नुसतं "सगळ्यात जास्त जनावरं कुणाकडे" असा तक्ता काढून गाईडला दाखवू नकोस, त्यात डेरीवाला वर येईल आणि पिकअपवाला व्यापारी, ज्याच्या दारात कधी चारच्या वर ढोरं नसतात, तो शेवटच्या पानावर जाईल.

दुसरं माप म्हणजे कोण मध्ये आहे. राजवाड्याचा चौक एक दिवस बंद केला की जुन्या इंदूरचं काय होतं ते आठव. चौकात कुणाला काम नसतं, पण सगळ्यांना तिथूनच जायचं असतं. तसे काही हाट असतात, छोटेसेच, पण माळव्यातला माल निमाडात उतरायचा तर तिथूनच. किती वाटा एका ठिपक्यातून जातात हा आकडा सॉफ्टवेअर एका बटणावर देतं, तो घे, पण घ्यायच्या आधी पुढची गोष्ट वाच कारण इथे नव्वद टक्के पोरं चुकतात आणि मीही चुकलो होतो.

तारखा! तू वर्षभराचे सगळे बाण एका चित्रात टाकलेस. समजा अ नं ब ला म्हैस विकली मंगळवारी आणि ब नं क ला विकली त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी. तुझ्या चित्रात अ कडून ब, ब कडून क अशी सरळ वाट दिसते, प्रत्यक्षात अ चा रोग त्या वाटेनं क पर्यंत जाऊच शकत नाही, ब ची म्हैस आधीच निघून गेली होती. वर्षभराचं चित्र एकत्र केलं की अशा खोट्या वाटा ढिगानं तयार होतात आणि मग वाटतं सगळा जिल्हा एकमेकांना जोडलेला आहे, आता काही करून उपयोग नाही. तारखेच्या क्रमानं बघितलं की त्यातलं बरंच जाळं गळून पडतं. म्हणून एखाद्या गोठ्यात रोग निघाला की मी दोनच गोष्टी विचारतो: गेल्या तीन आठवड्यांत इथे काय आलं, आणि इथून काय गेलं. पहिल्यानं मागे जायचं, दुसऱ्यानं पुढे, प्रत्येक पावलाला तारीख पुढे-मागे सरकवत. आर या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एपिकॉन्टॅक्टट्रेस नावाचं पॅकेज आहे, स्वीडनच्या लोकांनी बनवलेलं आणि फुकट, नुसतं जाळं काढणाऱ्या आयग्राफ पॅकेजवर थांबू नकोस.

तीन आठवडे हे लाळ्या-खुरकुतासाठी हं. चौदा दिवस उबवणीचे आणि वर थोडी सवड, कारण आपल्या शेतकऱ्याला तारीख आठवते ती "एकादशीच्या दोन दिवस आधी" अशी. लंपीला मी चार आठवडे मागे जातो. ब्रुसेलाला, म्हणजे गाय गाभडवणाऱ्या रोगाला, हे गणितच लागू नाही. गाय एकदा गाभडली, मग वरवर छान दिसते, विकली जाते, पुढच्या गोठ्यात व्याली की पुन्हा पसरवते. तिथे दोन-तीन वर्षांचे बाण एकत्र धरले तरी चालतं, उलट धरायलाच हवेत. नेटवर्क रोगाप्रमाणे बदलतं हे तुझ्या गाईडनं सांगितलं नसेल तर त्याला विचार. जनावरं तीच, व्यापारी तेच, पण लाळेचं जाळं वेगळं आणि ब्रुसेलाचं वेगळं.

तारखेचाच आणखी एक फटका हाटाला बसतो. तू हाटाला एक ठिपका केलायस, गावासारखाच. पण हाटात जनावर राहत नाही रे, सकाळी येतं, संध्याकाळी जातं. 4 तारखेचा हाट आणि 11 तारखेचा हाट, जागा तीच, पण जनावरं वेगळी, मग मधले सात दिवस रोग धरून कोण बसणार, मोकळं मैदान? (शेण-मूत तसंच पडून असेल तर थोडंफार, मान्य.) म्हणून हाटाच्या प्रत्येक दिवसाला वेगळा ठिपका दे. असं केलंस की चित्राचे तुकडे पडतील, दर आठवड्याचा एक तुकडा, आणि तुला वाटेल मग रोग एका आठवड्यातून दुसऱ्यात जातो कसा. तो जातो न विकलेल्या जनावरावर बसून. इथला हाट मंगळवारी, पुढच्या गावचा गुरुवारी, तिसरा रविवारी, आणि व्यापारी वर्षानुवर्षं याच फेऱ्यात फिरतोय. मंगळवारी चार बैल उरले तर ते घरी परत न नेता वाटेत कुणाच्या तरी वाड्यात बांधायचे, वैरण टाकायची, गुरुवारी पुढच्या हाटात. तो वाडा ना तुझ्या चित्रात आहे, ना कुठल्या सरकारी रजिस्टरात. माझ्या नोकरीची पहिली दहा वर्षं मला तो वाडा दिसलाच नव्हता, मी हाटांच्या दारात उभा राहून गुरांची तोंडं बघायचो.

इंग्रजांनी 2001 नंतर जे केलं ते हेच तोडायला. नियम असा केला की तुमच्या फार्मवर नवीन जनावर आलं की पुढचे काही दिवस तिथून दुसरं जनावर बाहेर जायचं नाही. आधी वीस दिवस होते, मग गाई-मेंढ्यांसाठी सहावर आणले, कारण शेतकरी ओरडले. आणि सहा दिवसांनीही बरंच साधतं, आतल्या बाणाला आणि बाहेरच्या बाणाला मध्ये फट पडते ना, तेवढ्या वेळात लक्षणं दिसायची संधी मिळते.

आता तू म्हणशील त्यांच्याकडे प्रत्येक गाईचा पासपोर्ट आहे, 1998 पासून कॉम्प्युटरवर नोंद आहे, आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे पिवळा बिल्ला आहे, 12 अंकी नंबरचा, 2019 च्या लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलाच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमापासून तो गावोगावी कानात दिसायला लागला. तो कामाचा आहे, मी त्याला नावं ठेवणाऱ्यांतला नाही. पण त्या नंबरच्या नोंदीत मालक आणि गाव असतं, आणि जनावर विकलं की नोंद त्या दिवशी बदलत नाही, बऱ्याचदा पुढच्या वेळी कुणी लस टोचायला किंवा रेतनाला गेलं की बदलते. म्हणजे तुला पहिलं गाव कळतं, शेवटचं गाव कळतं, मधले तीन हात गायब आणि तारीख म्हणजे लस टोचल्याची तारीख. एक सरळ बाण दिसतो, जिथे खरं तर वेडावाकडा रस्ता होता, आणि जो माणूस आपल्याला सगळ्यात जास्त हवाय तोच पुसला जातो. तरी तो डेटा मिळाला तर सोडू नकोस, कुठल्या तालुक्याचा माल कुठल्या तालुक्यात जातो एवढं त्यातून छान कळतं.

बाकी डेटा डायरीत आहे. व्यापाऱ्याच्या खिशातल्या. कुणाकडून, कितीला, कुणाला, किती उधार, सगळं लिहिलेलं असतं, उधारीमुळे तारीखही बरोबर असते, माझ्या मते आपल्या भागातला सगळ्यात चांगला ने-आणीचा रेकॉर्ड हाच. पण तो दाखवेल का? गोवंशाच्या वाहतुकीचे नियम कडक, रस्त्यात अडवणारे अनेक, खाकीतले आणि बिनखाकीचे, त्यामुळे बैलांचा धंदा करणारा माणूस वही घेऊन आलेल्या पोराला बघून आधी विडीच पेटवेल. म्हशीवाला बोलतो, बकरीवाला त्याहून बोलतो, बैल-गाईवाला गप्प. हे लक्षात ठेव, तुझ्या डेटात जे बाण नाहीत ते असेच कुठलेही गळलेले नाहीत, एका विशिष्ट प्रकारचे गळलेत, आणि निष्कर्ष लिहिताना "गाईंची ने-आण कमी आढळली" असं लिहून ठेवशील तर मला दाखवू नकोस. नावं लिहू नकोस, गाडी नंबर तर अजिबात नाही, प्रत्येकाला एक आकडा दे आणि ते त्याच्यासमोरच दे.

शेतकऱ्यालाही "वर्षात किती जनावरं घेतली-विकली" असं विचारू नकोस, तो अंदाजे फेकेल. "शेवटचं जनावर कोणतं आणलं, कुणामार्फत?" एवढंच विचार. मग त्या "मार्फत" वाल्याकडे जा आणि त्याला तेच विचार. वीस घरं कुठलीही उचल, दोन-तीन पावलांत तू त्याच चार-पाच माणसांवर येऊन पोचशील, कारण ज्याच्याकडे बाण जास्त त्याच्याकडे पोचायच्या वाटाही जास्त. यादी नसताना मोठे मासे शोधायची हीच रीत.

चित्रात न येणारे आणखी धागे आहेत. दुधाची गाडी, कारण लाळ्या-खुरकुतात फोड दिसायच्या आधीच विषाणू दुधात येऊ शकतो आणि कॅन तर सगळ्या गोठ्यांत फिरतात. गावचा वळू. एकच हौद. दिवाळीनंतर माळव्यातून जाणारे रबारी-रायका लोकांचे मेंढ्यांचे डेरे, रिकाम्या शेतात बसवले की खत मिळतं म्हणून आपलेच शेतकरी त्यांना बोलावतात, त्यांची वाट साधारण ठरलेली असते पण त्यात विक्री नाही म्हणून कुठल्याच नोंदीत नाही. बकरी ईदच्या आधीचे काही आठवडे बकऱ्यांचं जाळं एकदम दाट होतं, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग म्हणतात तो रोग) साठी डोळे उघडे ठेवायचे दिवस तेच, वर्षाच्या सरासरीत ते दिसत नाहीत. आणि सगळ्यात लाजिरवाणा धागा आम्ही. नवीन नोकरीत असताना लाळेचा एक गोठा बघून मी त्याच बुटांनी, हात वरवर धुऊन, दुसऱ्या गावी अडलेली म्हैस सोडवायला गेलो होतो. आठ दिवसांनी त्या घरची तीन ढोरं लाळ गाळत होती. रोग माझ्यामुळेच गेला हे सिद्ध होणार नाही, पण मी त्या दिवसापासून गाडीत धुण्याच्या सोड्याची बादली आणि दुसरे बूट ठेवतो. तुझ्या चित्रात डॉक्टरचा ठिपका घाल, गाईड हसला तरी घाल.

आता हाट बंद करण्याकडे परत. बंद कर, पण दोन अडचणी बघून. एक, सोमवारी घोषणा आणि गुरुवारपासून लागू असं केलं तर त्या तीन दिवसांत घाबरून सगळे विकायला काढतात, नेमकी आजाराची शंका असलेली ढोरं आधी, आणि जे पसरायला महिना लागला असता ते तीन दिवसांत पसरतं. दोन, हाट फार दिवस बंद राहिला की धंदा थांबत नाही, जाळं दुसरीकडून विणलं जातं. मोबाईलवर म्हशीचा व्हिडिओ, दूध काढतानाचा, भाव ठरला की रात्री पिकअप थेट गोठ्यात. हाटात निदान आपण दारात उभं राहून बघू तरी शकत होतो. म्हणून मला स्वतःला छोटी, ताबडतोब लागू होणारी बंदी आवडते, त्यात फेऱ्यावरच्या व्यापाऱ्यांची ढोरं जिथे असतील तिथेच थांबवायची आणि तपासायची. लसही तशीच. सगळ्या जिल्ह्याला पुरेल इतकी असेल तर प्रश्नच नाही, लाळेची वर्षातून दोनदा टोचायचीच असते. कमी असेल तेव्हा मात्र रजिस्टरच्या पहिल्या पानापासून सुरू न करता ज्या गोठ्यांत येणंही आहे आणि जाणंही आहे ते आधी. गाठी उठलेल्या गावाभोवतीचं कडं तर आहेच, ते माशीसाठी. ही यादी माशी सोडून बाकीच्यासाठी.

प्रबंधाला चार हाट खूप झाले, अख्खा संभाग (अनेक जिल्ह्यांचा विभाग) घेऊ नकोस, एकाच फेऱ्यातले चार घे आणि तीन महिने दर आठवड्याला जा. पहिले दोन-तीन आठवडे वही काढूच नकोस, पोहे खा, कुठल्या तरी व्यापाऱ्याच्या बैलाचा खूर बघून दे, जंताचं औषध सांग. ओळख झाली की संध्याकाळी बाजार मोडताना त्याच्याबरोबर थांब, आणि "आज किती विकले" हे न विचारता "उरलेले आज रात्री कुठे बांधणार" एवढंच विचार, जमलं तर त्याच्याच पिकअपमध्ये बसून तिथपर्यंत जा.